दिवाळीच्या घरगुती लाइटिंग कंट्रोलरला बाहेरून रिसेट बटण कसं लावायचं

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये आमचं रो-हाउस आहे. दर दिवाळीला गच्चीचा कठडा, गॅलरी आणि दारातला आंबा यांवर मी स्वतः जोडलेली लाइटिंग लावतो. आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, आठ रिलेंचं (कंट्रोलरने चालवायच्या स्विचांचं) मॉड्यूल, साध्या माळा आणि १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८११ पिक्सेल माळा (ज्यांचे रंग प्रोग्रामने बदलता येतात), असा सगळा संसार एका प्लास्टिकच्या पेटीत असतो आणि ती पेटी गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसवलेली असते.

पहिल्या वर्षी वसुबारसेलाच लाइटिंग अडकली. अर्धा कठडा हिरवा, अर्धा काळोखात, आणि काहीच हलेना. गच्चीवर जायचं, पेटीचे चार स्क्रू काढायचे, बोर्डावरचं बारीक बटण दाबायचं, पुन्हा स्क्रू लावायचे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हे तीनदा केलं. मी घरी नसताना आईने ते करावं ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा ठरवलं की बटण खाली, दाराजवळ, आईच्या हाताला येईल असं हवं.

बटण लावायला एक संध्याकाळ पुरली. ते नीट चालायला मात्र पुढची दिवाळी उजाडली, कारण बटणापर्यंत जाणारी तार काय काय उद्योग करते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. सोल्डरिंग थोडंफार येतं आणि मल्टिमीटर वापरता येतो एवढं मी धरून चाललो आहे.

१. रिसेट बटण काय करतं आणि काय करत नाही

मायक्रोकंट्रोलरची रिसेट पिन एरवी रोधकाद्वारे प्लसला खेचून ठेवलेली असते. ती क्षणभर ग्राउंडला टेकवली की प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू होतो. बटणाचं काम एवढंच. ते दाबल्यावर प्रोग्राम पुसला जात नाही. आमच्या घरी सगळ्यांना हीच भीती होती, म्हणून आधीच सांगतो.

पण रिसेटने फक्त कंट्रोलर जागा होतो, त्याला जोडलेल्या बाकीच्या वस्तू नाही. पिक्सेल माळेतला प्रत्येक दिवा शेवटचा मिळालेला रंग धरून बसतो. डेटा येणं थांबलं तरी तो विझत नाही. म्हणूनच कंट्रोलर अडकला की माळ गोठल्यासारखी दिसते. वेळ ठेवणारं डीएस३२३१ मॉड्यूल कंट्रोलरशी दोन तारांवर बोलतं. बोलता बोलता मधेच कंट्रोलर अडकला तर कधी कधी ते मॉड्यूल डेटाची तार खाली ओढून धरतं. अशा वेळी रिसेट कितीही दाबा, प्रोग्राम सुरुवातीलाच पुन्हा अडकतो. तिथे पूर्ण सप्लाय बंद करून दहा-पंधरा सेकंद थांबावं लागतं. या मॉड्यूलवर बटण-सेल असेल तर तारांची सुटका करायला सेलही क्षणभर काढावा लागू शकतो. मुख्य सप्लाय गेला तरी मॉड्यूलची तारांवर बोलणारी बाजू सेलवर जागी राहते.

म्हणून माझा आग्रह असा की दोन गोष्टी हाताशी असू द्या: रिसेटचं बटण आणि सगळ्या लाइटिंगचा एक वेगळा एमसीबी.

२. अडकण्याचं कारण आधी बघा

रोज एकदा अडकणाऱ्या कंट्रोलरला बटण लावणं म्हणजे ताप आलेल्याला फक्त पंखा घालणं. बटणाआधी चार ठिकाणी बघा.

सप्लाय कमी पडतोय का? ५ व्होल्टचा एक डब्ल्यूएस२८१२बी दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. शंभर दिव्यांना ६ अँपिअर झाले. तीन अँपिअरच्या अडॅप्टरवर ही माळ रंगीत नक्षी दाखवेल, पण सगळं पांढरं करायची वेळ आली की व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलरही.

मेमरी संपतेय का? नॅनो आणि उनो (आर्डुइनोचाच दुसरा बोर्ड) यांच्याकडे रॅम फक्त २ किलोबाइट आहे आणि प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात. ६०० पिक्सेल म्हणजे १८०० बाइट गेले. उरलेल्या जागेत बाकीचा प्रोग्राम कसाबसा मावतो आणि मग कधीही कोसळतो. एवढे पिक्सेल असतील तर जास्त मेमरीचा ईएसपी३२ बोर्ड घ्या.

रिलेच्या पलीकडे काय आहे? ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या माळा बंद होताना रिलेच्या संपर्कावर ठिणगी पडते आणि तिचा झटका कंट्रोलरपर्यंत येतो. २३० व्होल्टच्या तारा आणि कंट्रोलरच्या तारा पेटीत एकमेकींना बिलगून असतील तर आधी त्या वेगळ्या करा.

आणि ग्राउंड. पिक्सेलच्या सप्लायचा मायनस आणि कंट्रोलरचा जीएनडी जाड तारेने नीट जोडलेला हवा. माझ्या पेटीत हाच एक स्क्रू सैल होता. तो आवळल्यावर तीनदा अडकणारा कंट्रोलर आठवड्यातून एकदा अडकायला लागला. उरलेल्या त्या एकदासाठी बटण.

३. सामान

एम. जी. रोड परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सुटे भाग मिळतात. केबल, ग्लँड आणि पेट्यांसाठी मेन रोडकडची इलेक्ट्रिकलची दुकानं बघा. दिवाळीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दसऱ्याच्या आधीच जाऊन या.

- पुश बटण, प्लास्टिक बॉडीचं, २२ मिलिमीटरचं, सोबत एक एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) एलिमेंट
- ते बसवायला छोटी वॉटरप्रूफ पेटी, आयपी६५ किंवा वरची
- नेटवर्कची कॅट५ केबल, लागेल तेवढी आणि वर दोन मीटर
- पीसी८१७ ऑप्टोकपलर, दोन (एक जळतोच असं धरा)
- रोधक, पाव वॅटचे: १ किलोओहमचे दोन, ४.७ किलोओहमचा एक, १०० ओहमचा एक
- सिरॅमिक कपॅसिटर: १० नॅनोफॅरड
- छोटा झिरो पीसीबी, दोन-पिनी स्क्रू टर्मिनल दोन, श्रिंक स्लीव्ह
- केबल ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथलं भोक बंद करणारा), केबलच्या जाडीनुसार
- सोल्डरिंग गन, मल्टिमीटर, ड्रिल, २२ चं होल-सॉ

बटण घेताना दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, ते दाबलं की परत वर आलं पाहिजे. दाबून अडकणारं बटण घेतलंत तर कंट्रोलर कायमचा रिसेटमध्ये राहील आणि तुम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसाल. दोन, एलिमेंट एनओ हवं. पॅनलच्या कामात एनओ एलिमेंट बहुधा हिरवं आणि एनसी (दाबल्यावर तुटणारं) लाल असतं, पण रंगावर विसंबू नका. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. दाबल्यावर बीप आला पाहिजे आणि सोडल्यावर थांबला पाहिजे.

धातूचं चकचकीत बटण सुंदर दिसतं, मान्य. पण दाराजवळ, जिथे नरकचतुर्दशीला मुलं अभ्यंगस्नान करून ओल्या पायांनी अनवाणी धावणार, तिथे मी प्लास्टिकचंच लावतो.

४. पिन शोधा आणि टेबलावर करून बघा

सप्लाय काढून ठेवा आणि बोर्ड नीट बघा. आर्डुइनो नॅनोवर आरएसटी लिहिलेल्या दोन पिना आहेत, प्रत्येक बाजूला एक, आणि दोन्हींच्या शेजारी जीएनडी आहे. उनोवर ती ३.३ व्होल्टच्या पिनेशेजारी, पॉवरच्या ओळीत आहे. नोडएमसीयू या ईएसपी८२६६ च्या बोर्डावर आरएसटी हीच पिन. ईएसपी३२ वर तिचं नाव ईएन असं असतं आणि ती कोपऱ्याजवळ असते.

आता बोर्ड यूएसबीवर चालू करा. मीटरचा काळा टोक जीएनडीला आणि लाल टोक रिसेट पिनेला लावा. नॅनोवर ५ व्होल्टच्या आसपास दिसेल, ईएसपीवर ३.३. मग एका जम्पर तारेने रिसेट पिन क्षणभर जीएनडीला टेकवा. बोर्ड नव्याने सुरू झाला की पिन बरोबर आहे.

इथे एक सापळा आहे. सरावासाठी चार पायांचं छोटं टॅक्ट बटण वापरत असाल तर त्याचे दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात. चुकीची जोडी घेतली तर बटण न दाबताच रिसेट पिन ग्राउंडला जाते. तिरके, म्हणजे कर्णावरचे दोन पाय घ्या, म्हणजे चूक होत नाही.

ईएसपीवाल्यांनी (नोडएमसीयू किंवा ईएसपी३२) हे लक्षात ठेवाच: त्याच्या रिसेट पिनेला कधीही ५ व्होल्ट द्यायचे नाहीत. पुढे जिथे मी 'प्लसला रोधक' म्हणेन तिथे तुमच्यासाठी प्लस म्हणजे ३.३.

५. तार: खरं काम इथे आहे

मी पहिल्यांदा काय केलं ते सांगतो. घरात पडलेली साधी दोन पदरी तार घेतली, एक टोक आरएसटीला, दुसरं जीएनडीला, आणि गच्चीवरून खाली दारापर्यंत साधारण बारा मीटर नेली. खाली उतरवायला एक पाइप आधीच होता, त्यातूनच ओवली. बटण दाबलं, रिसेट झालं, मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइटिंग आपोआप रिसेट झाली. थोड्या वेळाने पुन्हा. संध्याकाळी तर पाच-सहा वेळा. शेजारच्या काकांनी सातपूरच्या कारखान्यात अनेक वर्षं पॅनल वायरिंग केलंय. त्यांना दाखवलं. त्यांनी वर बघितलंच नाही, आधी विचारलं, "अरे, तुझी पाण्याची मोटर कधी लावतोस?" मग मोटर चालू केली आणि माळ डोळ्यांदेखत पहिल्या नक्षीवर आली. बंद केली, तेव्हाही.

मोटरची तार त्याच पाइपमधून जात होती.

मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह क्षणभर ओढते. तिच्या तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र झटकन बदलतं आणि शेजारून जाणाऱ्या लांब तारेत व्होल्टेज उठवतं. बंद होतानाही तसंच. इकडे रिसेट पिन फक्त एका रोधकाने वर धरलेली आहे, म्हणजे अगदी हलक्या हाताने. आणि नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला रिसेट व्हायला अडीच मायक्रोसेकंद पुरतात. बारा मीटरची तार म्हणजे आपण त्या पिनेला अँटेनाच जोडलेली असते.

त्यामुळे तारेच्या लांबीनुसार जोडणी बदला.

*बटण पेटीच्याच झाकणावर, तार वीतभर.* थेट जोडा. आरएसटी ते बटण, बटण ते जीएनडी. काही करायची गरज नाही.

*बटण दोन-तीन मीटरवर.* कॅट५ केबलमधली एक जोडी वापरा. तिच्यातल्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ देऊन गुंफलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्हींवर सारखाच येतो आणि बराचसा कटतो. एक तार बटणाच्या एका पायाला, तिचीच जोडीदार दुसऱ्या पायाला. निळी एका जोडीतली आणि हिरवी दुसऱ्या जोडीतली अशी घेतली तर पिळाचा फायदा गेला. कंट्रोलरच्या टोकाला तीन भाग लावा: आरएसटीपासून प्लसला ४.७ किलोओहम, आरएसटीपासून जीएनडीला १० नॅनोफॅरड, आणि बाहेर जाणाऱ्या तारेत मधे १०० ओहम. ४.७ चा रोधक पिनेला जास्त घट्ट वर धरतो, कपॅसिटर बारीक झटके गिळतो आणि १०० ओहम बटणाच्या संपर्कावरचा भार कमी करतो. हे तिन्ही भाग पिनेच्या अगदी जवळ असले पाहिजेत. बटणाजवळ लावून उपयोग नाही, कारण उपद्रव मधल्या तारेत शिरतो.

कपॅसिटर १० नॅनोफॅरडचाच का, हे विचारा, कारण बरेच जण सवयीने ०.१ मायक्रोफॅरडचा लावतात. आर्डुइनोवर प्रोग्राम चढवताना यूएसबीची चिप ०.१ मायक्रोफॅरडच्याच कपॅसिटरमधून रिसेट पिनेला खाली ढकलते. तेवढाच दुसरा ग्राउंडकडे लावला तर तो धक्का दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, पिन पाचवरून अडीच व्होल्टपर्यंतच येते आणि अपलोड अडकू शकतो. १० नॅनोफॅरडला ती अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते आणि अपलोड सुरळीत होतो. ईएसपी३२ च्या बहुतेक बोर्डांवर ईएनला कपॅसिटर आधीच असतो, तिथे वेगळा लागत नाही.

*बटण त्याहून लांब, किंवा वाटेत मोटर, इन्व्हर्टर, लिफ्टची तार.* पुढची पायरी वाचा. आणि कुठल्याही परिस्थितीत २३० व्होल्टच्या पाइपमधून ही तार नेऊ नका. ती उपद्रवापुरती गोष्ट नाही. मोटरच्या तारेचं आवरण कुठे घासलं गेलं तर तुमचं बटणच जिवंत होईल. वेगळा पाइप घ्या, वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

६. ऑप्टोकपलरची जोडणी

काकांचं म्हणणं साधं होतं: "लांबच्या बटणाला नुसतं व्होल्टेज पाठवू नकोस, प्रवाह मागव." कारखान्यात बटणं शंभर-शंभर फुटांवर असतात आणि शेजारून मोठ्या मोटरींच्या केबल जातात, तरी चालतात, ती याच कारणाने. लांब तारेत उठणाऱ्या झटक्याला व्होल्टेज असतं, पण सलग प्रवाह पुरवण्याइतका दम नसतो.

पीसी८१७ ही चार पायांची चिप आहे. आत एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला त्याच्या उजेडाने चालू होणारा ट्रान्झिस्टर. मधे फक्त प्रकाश. अंगावर ठिपका असलेला पाय १, त्याच बाजूचा दुसरा २, आणि समोर २ च्या पुढ्यात ३, १ च्या पुढ्यात ४.

जोडणी अशी:

- १२ व्होल्टचा प्लस → १ किलोओहम रोधक → बाहेर जाणारी तार → बटण → जोडीतली परतीची तार → पाय १
- पाय २ → १२ व्होल्टचा मायनस
- पाय १ आणि २ यांच्यामध्ये दुसरा १ किलोओहम
- पाय ४ → आरएसटी
- पाय ३ → जीएनडी

बटण दाबलं की तारेतून साधारण ११ मिलिअँपिअर प्रवाह जातो, एलईडी पेटतो, पलीकडचा ट्रान्झिस्टर आरएसटीला खाली ओढतो. तुमच्याकडे फक्त ५ व्होल्ट असतील तर पहिला रोधक ३३० ओहमचा घ्या, प्रवाह जवळपास तेवढाच मिळेल.

पहिला रोधक कंट्रोलरच्या पेटीतच, तार बाहेर पडण्याआधी असला पाहिजे. मग बाहेर तार कुठे खिळ्याने टोचली गेली, उंदराने कुरतडली किंवा पाण्याने शॉर्ट झाली, तरी त्या टोकाला फार तर १२ मिलिअँपिअर मिळतील. रोधक बटणाजवळ लावलात तर सप्लायचे सगळे अँपिअर त्या बारीक तारेत मोकळे असतात.

पाय १ आणि २ मधला दुसरा रोधक बऱ्याच आकृत्यांत दिसत नाही. मी तो नाशिकच्या दवासाठी लावतो. दिवाळीत रात्री थंडी पडायला लागते, निफाडकडून वारा आला की पहाटे गाडीच्या काचेवर पाणी जमतं, तसंच ते बटणाच्या आतही जमतं. ओल्या संपर्कातून थोडासा प्रवाह झिरपत राहतो. हा रोधक तो झिरपणारा प्रवाह स्वतःकडे वळवतो आणि एलईडी अर्धवट पेटत नाही.

४.७ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड मात्र आरएसटीवर राहू द्या. हे सगळं बोटभर झिरो पीसीबीवर बसतं. सोल्डर केल्यावर १ आणि २ उलटे तर नाहीत ना, हे ठिपक्यावरून पुन्हा बघा. मी उलटे केले होते आणि अर्धा तास बटणाला दोष देत होतो.

७. बटण आणि पाणी

इथे लोक बटणावर खर्च करतात आणि भोकावर करत नाहीत.

केबल पेटीत नेहमी खालून घ्या. वरून घेतली तर ग्लँड कितीही आवळा, पाणी तारेवरून ओघळत आत येणारच. बाजूने घ्यावीच लागली तर पेटीत शिरण्याआधी तार खाली झोका देऊन मग वर घ्या, म्हणजे थेंब झोक्यावरून पडतो. कॅट५ केबल बारीक असते. तिच्यासाठी मोठा ग्लँड घेऊन आत टेप गुंडाळू नका, योग्य मापाचा घ्या.

पेटीच्या तळाला तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. विचित्र वाटेल, पण पूर्ण बंद पेटीत दिवसा तापलेली हवा रात्री थंड होते आणि आतल्या आतच दव पडतं. ते निघायला वाट हवी.

साधी कॅट५ उन्हात टिकत नाही, वर्ष-दोन वर्षांत आवरण तडकतं. कायमची ठेवणार असाल तर पाइपात घाला. परतीच्या पावसाने ऑक्टोबरमध्ये द्राक्षवाल्यांची झोप उडते, तोच पाऊस आपल्या जोडांवरही पडतो. म्हणून वाटेत जोड देऊ नका, पूर्ण लांबीची एकच केबल घ्या.

बटणाची उंची: आईच्या खांद्याला येईल इतकी, म्हणजे लहान मुलांच्या हाताबाहेर.

आणि २३० व्होल्टच्या बाजूबद्दल एवढंच: लाइटिंगच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा, एसएमपीएसचं (२३० वरून १२ व्होल्ट देणाऱ्या सप्लायचं) अर्थिंग टर्मिनल खरोखर अर्थिंगला जोडलेलं हवं. हे घरात नसेल तर परवानाधारक वायरमन बोलावून करून घ्या, मग बटणाकडे वळा. एसएमपीएसमध्ये बिघाड झाला तर आतले २३० व्होल्ट कमी व्होल्टच्या बाजूला येऊ शकतात, आणि आपलं बटण त्याच बाजूला आहे.

८. रिसेटनंतर पहिल्या सेकंदात काय होतं

रिसेटच्या क्षणी कंट्रोलरच्या सगळ्या पिना सुट्या होतात. तेव्हा त्यांना जोडलेल्या वस्तू काय करतील याचा विचार प्रोग्राम लिहितानाच करायचा.

आपल्याकडे मिळणारी बहुतेक रिले मॉड्यूलं पिन खाली गेली की चालू होतात. पिन आउटपुट केली आणि मग वर नेली, तर मधल्या क्षणात आठही रिले एकदम खटकतात. क्रम उलटा ठेवा: आधी पिनेला 'वर' सांगा, मग आउटपुट करा. मॉस्फेट वापरत असाल तर गेटपासून जीएनडीला १० किलोओहम लावा, नाहीतर रिसेट दाबून धरलेला असताना माळ अर्धवट पेटेल.

पिक्सेलसाठी प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सगळे दिवे विझवण्याची आज्ञा द्या. गोठलेले रंग गेले की बटण दाबणाऱ्याला कळतं की काहीतरी झालं. मी त्यानंतर पहिला दिवा एक सेकंद पांढरा पेटवतो. आईला सांगून ठेवलंय, पांढरा दिवा दिसला की हात काढ.

वेळेचा प्रश्न विसरू नका. रात्री अकराला बंद होणारी लाइटिंग जर 'सुरू झाल्यापासून पाच तास' अशी मोजत असेल, तर साडेदहाला दाबलेलं रिसेट तिला पहाटे साडेतीनपर्यंत जागवेल. सेलवाल्या डीएस३२३१ वरून खरी वेळ वाचा.

नोडएमसीयू किंवा ईएसपी३२ रिसेटनंतर सुरूच होत नसेल तर रिले कुठल्या पिनेवर आहे ते बघा. नोडएमसीयूवर डी३, डी४ आणि डी८ या पिनांची त्या क्षणाची स्थिती बघून चिप ठरवते की प्रोग्राम चालवायचा की नवा चढवून घ्यायचा. ईएसपी३२ वर ० आणि १२ क्रमांकाच्या पिना अशाच नाजूक आहेत. रिले दुसऱ्या पिनेवर हलवा.

९. वॉचडॉग

बटण झालं की हेही करा. चिपमध्येच वॉचडॉग नावाचा टायमर असतो. प्रोग्राम दर फेरीला त्याला हजेरी देतो. हजेरी चुकली की तो स्वतः रिसेट करतो. एटीमेगा३२८पी वर जास्तीत जास्त ८ सेकंदांची मुदत ठेवता येते, आणि लाइटिंगला तेवढी पुरते. हजेरी मुख्य लूपमध्ये एकाच जागी द्या. आतल्या छोट्या लूपमध्येही दिलीत तर तिथेच अडकलेला प्रोग्राम सुखाने हजेरी देत राहील.

नॅनो जुन्या बूटलोडरची (नवा प्रोग्राम चढवून घेणाऱ्या चिपमधल्या छोट्या प्रोग्रामची) असेल तर वॉचडॉग लावू नका. वॉचडॉगने रिसेट केल्यावर जुना बूटलोडर तो टायमर बंद करत नाही, आणि बोर्ड रिसेटच्या फेऱ्यात अडकून बोर्डावरचा एलईडी भराभर लुकलुकत राहतो. नवीन प्रोग्रामही चढत नाही. सप्लाय काढून पुन्हा दिला की त्यातून सुटका होते. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडसाठी 'ओल्ड बूटलोडर' निवडावा लागत असेल तर तुमची नॅनो याच जातीची आहे.

१०. भिंतीवर लावण्याआधीची चाचणी

सगळं जोडून, केबल जमिनीवर पसरून, खालच्या क्रमाने बघा:

- बटण न दाबता आरएसटीवर ५ (ईएसपीवर ३.३) व्होल्ट स्थिर दिसतात का. कमी किंवा हलतं दिसलं तर कुठेतरी गळती आहे.
- बटण दाबल्यावर अर्ध्या व्होल्टच्या खाली येतं का.
- पाण्याची मोटर, मिक्सर आणि ड्रिल प्रत्येकी दहा वेळा चालू-बंद. एकदाही आपोआप रिसेट होता कामा नये.
- बटणाच्या पेटीवर झारीने पाणी, पाच मिनिटं. मग उघडून आत बोट फिरवा.
- यूएसबीने प्रोग्राम पुन्हा एकदा चढवून बघा.

मग भिंतीवर लावा आणि बटणाखाली एक चिठ्ठी लॅमिनेट करून चिकटवा. आमच्या दारावर हे लिहिलंय: 'लाइट अडकली तर हिरवं बटण एकदा दाबा, पांढरा दिवा दिसेपर्यंत थांबा. दोनदा दाबूनही झालं नाही तर आतला लाइटिंगचा एमसीबी खाली करा, वीस मोजा, वर करा.'

त्रिपुरारी पौर्णिमेनंतर माळा उतरवताना बटण आणि केबल भिंतीवरच राहू दे, पण गच्चीवरचं टोक स्क्रू टर्मिनलमधून काढून श्रिंक स्लीव्हमध्ये बंद करा. उघडं टोक पावसाळाभर राहिलं तर तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या वसुबारसेला बटण दाबून काहीच होत नाही. उरलेला पीसी८१७ आणि दोन रोधक एका पुडीत घालून कंट्रोलरच्या पेटीतच ठेवा.